धडधाकट

आमच्या गावात पानठेल्यावर बसणाऱ्या माणसांना हल्ली एक मोठी काळजी लागली आहे. बाया आळशी झाल्या, ही ती काळजी. सरकारने बायांच्या खात्यात दर महिन्याला पैसे टाकायला सुरुवात केली आणि गावातली सगळी बाईजात बसून खायला लागली, असं ही माणसं सकाळपासून खर्रा चघळत एकमेकांना सांगत असतात. दुपारी घरी जातात, हात न धुता ताटावर बसतात, भाजीत मीठ कमी आहे म्हणून बायकोवर खेकसतात आणि पुन्हा येऊन काळजी करायला बसतात. मी अंगणवाडीत जाता-येता हे रोज ऐकते. ऐकलं की मला कौसाबाई आठवते आणि माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते.

कौसाबाई मुकादमीन होती. म्हणजे गवत निंदायला, कापूस वेचायला, पीक सोंगायला वावरात जाणाऱ्या बायांच्या टोळीची पुढारी. मालकाशी रोज, म्हणजे दिवसाची मजुरी, ठरवायचा तिने, बाया गोळा करायच्या तिने आणि काम बिघडलं की शिव्या द्यायच्या त्याही तिनेच. उंच, हाडापेराने मोठी बाई. लुगड्यावर पूर्ण बाह्यांचा पुरुषी शर्ट घालायची. तसा आमच्याकडे सगळ्याच मजूर बाया घालतात, काड्या-कुसळं हाताला लागू नयेत म्हणून. नवरा कधीच वारला होता, मूलबाळ झालंच नव्हतं. नवऱ्याचे शर्ट फाटून संपले तेव्हा तिने बाजारातून नवा आणला, पण कुणी विचारलं की सांगायची, "नवऱ्याचा हाये." एकदा मी म्हटलं, कौसाबाई, अजून किती शर्ट ठेवून गेला तुझा नवरा? तर म्हणाली, "मेला म्हून काय झालं? नवरा तं होता ना! घालीन मी त्याच्या नावानं."

सकाळी विहाराच्या गल्लीतून तिची हाक निघायची. "चला वं! उन्हं डोक्यावर आले! नवऱ्याचे लाड संध्याकाळी करजा!" त्या हाकेने गावातली कुत्री उठायची आणि नवरेही उठायचे. माझी सासू त्या हाकेवर चूल पेटवायची. आमचं वावर लहान, त्यामुळे तिच्या टोळीचा नंबर आमच्याकडे सगळ्यात शेवटी लागायचा आणि सासू त्यावरून दरवर्षी तिच्याशी भांडायची. ती शांतपणे म्हणायची, "बुडे, तुह्या वावरात गवत कमी अन् तू बोलते जास्त." मी अंगणवाडीत लागले तेव्हापासून तिने माझं नाव मास्तरीन ठेवलं. भेटली की पहिला प्रश्न ठरलेला. "काय व मास्तरीन, पोरायले गानं शिकवून राह्यली का झोपा?"

तिची एक खोड सगळ्या गावाला ठाऊक होती. कुणाच्या घरी ती नुसती बसून काही खायची नाही. आमच्याकडे चहाला आली तरी आधी सूप ओढायची, तुरीतले खडे वेचायची आणि मग कपाला हात लावायची. "फुकटाचं अंगी लागत नाई," हे तिचं ठरलेलं वाक्य. माझ्या लेकाच्या बारशाला तिला बोलावलं होतं. मी तिला चांगलं लुगडं नेसून ये म्हणून बजावलं, तर बाई पहाटेच हजर, आणि येऊन विहिरीवरून पाणी भरायला लागली. सासू म्हणाली, अगं पाहुणी आहेस, बस की. तर ओट्यावर सतरंजीवर मंडळी बसली होती त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बसून खायले मी काय पाटील हाये?" आणि पाटील तिथे बसलेलेच होते! सासूने कपाळावर हात मारला. मी स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून हसले.

या खोडीच्या मागे एक गोष्ट होती. ती तिने मला एकदाच सांगितली, आमच्या ओट्यावर तूर निवडता निवडता. तिचा बाप गावाचा येसकर होता. गावाची पडेल ती कामं करायची आणि त्या बदल्यात संध्याकाळी घुंगराची काठी वाजवत दारोदार भाकरी मागायची, अशी ती वतनदारी. छप्पन साली बापाने धम्म घेतला आणि घरी आल्यावर ती काठी चुलीत घातली. कौसाबाई तेव्हा आईच्या पोटात होती.

"त्या दिशी घरात तुकडा नोता म्हने भाकरीचा," ती म्हणाली. "आजीनं बोंब मारली. काठी जायली, आता खाशीन काय? बाप म्हने, कमावून खाईन. नाई कमावलं तं उपाशी राहीन. मागून आनलेला तुकडा आता या घरात येनार नाई." मग तिने सूप झटकलं आणि म्हणाली, "नाई आला मंग. कवाच नाई आला." त्या दिवशी तिने चहा दोनदा मागून घेतला, कारण तूर बरीच निवडून झाली होती.

तर अशी ही बाई. आता तिच्या टोळीची रीत सांगते, म्हणजे पुढचं समजेल. निंदताना प्रत्येक बाई आपली पात धरते. पिकाच्या दोन-तीन ओळी तिच्या वाट्याला येतात आणि ती बसल्या बसल्या पुढे सरकत जाते. एखादीला दिवस गेलेले असतात, कुणाच्या अंगात कसकस असते, कुणाचा हातच हळू असतो. अशा बाईची पात मागे राहिली की शेजारच्या दोघी हात लांबवून तिचं तण काढत जातात. याला पात ओढणं म्हणतात. कौसाबाईच्या टोळीत कुणाची पात मागे राहायची नाही आणि संध्याकाळी रोज सगळ्यांना सारखा मिळायचा. कमी निंदलेल्या बाईलाही तेवढाच. वर कौसाबाईचा दम असायचा, "आज तुही ओढली, उद्या तू दुसरीची ओढजो. नाई ओढली तं मी हायेच."

टोळीत भागाबाई नावाची म्हातारी होती. तिचे गुडघे गेले होते. ती पळसाखाली बसायची, बायांची तान्ही लेकरं सांभाळायची, घागरीतलं पाणी द्यायची. रोज पुरा घ्यायची. हे सगळं वर्षानुवर्षं चाललं होतं आणि कुणाच्या पोटात दुखलं नव्हतं. एके दिवशी विश्वासराव वावरात आले.

विश्वासराव म्हणजे गावातली मोठी असामी. अर्धी शेती ठोक्याने दिलेली. दुसरे राबतात, यांच्या घरी वर्षाचा पैसा येतो. उरलेली शेती बायांच्या जिवावर. शेतकरी म्हणून सरकार खात्यात टाकतं ते पैसेही यांना न चुकता येतात. पांढरा पायजमा, पायात कोल्हापुरी, आणि वावराशी संबंध मोटारसायकल धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभी करण्यापुरता. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ना, त्यातले. पण बोलायला लागले की असं वाटावं, यांच्याच घामावर वाशिम जिल्हा उभा आहे.

त्यांनी पळसाखालची भागाबाई पाहिली आणि विचारलं, "हे काहून बसली?"

"लेकरं पाहून राह्यली," कौसाबाई म्हणाली.

"रोज मी निंदायचा देतो. लेकरं पाह्यचा नाई. हिचा रोज कापजो. काम नाही तर दाम नाही."

कौसाबाईने खुरपं खाली ठेवलं, उठली आणि धुऱ्यावर जाऊन बसली. मग एकामागून एक सगळ्या बाया जाऊन बसल्या. आभाळ भरून आलेलं. दोन दिवस पाऊस लागला असता तर गवताने सोयाबीन गिळून टाकलं असतं. विश्वासराव इकडे तिकडे पाहत राहिले. कौसाबाई तंबाखू चोळत म्हणाली, "मालक, तुमी बसले तं चालते, थे बसली तं नाई चालत. असं कसं? तिनं चाळीस पावसाळे तुमच्या बापाच्या वावरात पात ओढली हाये." विश्वासरावांनी रोज पुरा दिला. पण त्यांच्या मनात ते राहिलं. अशा माणसांच्या मनात सगळं राहतं, फक्त उपकार राहत नाहीत.

मी शेजारच्या आमच्या वावरात भाकरी घेऊन गेले होते म्हणून हे डोळ्यांनी पाहिलं. आणि परतताना कौसाबाई भागाबाईला काय म्हणाली तेही ऐकलं. "तू फुकटाचं खाते असं मनात आनशीन तं थोतरीत देईन. लेकरं पाह्यनं हे काम नाई त काय हाये?" म्हणजे तिचा हिशेब असा होता. काम न करता घ्यायचं नाही, हे पक्कं. पण काम कशाला म्हणायचं ते ती ठरवणार. दुसऱ्यांच्या बाबतीत ती ही व्याख्या वाट्टेल तितकी ताणायची. स्वतःच्या बाबतीत नाही ताणली, तिथेच घात झाला.

बायांच्या खात्यातले पैसे सुरू झाले तेव्हा कौसाबाईचं वय त्यात बसत नव्हतं. तिला काही आले नाहीत. आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडलेही नव्हते. "घरबसल्या पैसे देऊन राह्यलं सरकार. आपन काय सरकारचे जवाई हाओ?" असं ती भर गल्लीत म्हणायची. एखादी बाई वावरात आली नाही की तिच्या दारात जाऊन तिचा उद्धार करायची. रेखा नावाची तरणी बाई दोन दिवस आली नाही, तर ही गेली. मी तिथेच रेखाच्या पोरीला पोषण आहाराचं पाकीट द्यायला गेले होते.

"निघाली का हरामाची चरबी?" कौसाबाई दारातूनच ओरडली.

रेखा चादर गुंडाळून बाहेर आली. डोळे लाल झाले होते. "मावशी, ताप हाये."

"मले नाई येत ताप? तापात निंदली मी. मानूस मेला त्याच्या तिसऱ्या दिशी निंदली."

"म्हून मी बी निंदू का?" रेखा चौकटीला धरून उभी होती, आवाज चढत नव्हता तिचा. "माय मेली तवा बी मी वावरातच होती, मावशी. या महिन्यात खात्यात पैसे हायेत. पयल्यांदा तापात झोपली मी. झोपू दे ना व."

मला वाटलं, आता कौसाबाई काहीतरी जहरी बोलणार. तिने रेखाच्या कपाळाला हात लावून पाहिला. मग म्हणाली, "झोप," आणि गेली. संध्याकाळी तिने रेखाकडे खिचडीची गंजी पाठवली. दुसऱ्या दिवशी मला वाटेत भेटली तेव्हा तिने गाण्याबद्दल विचारलं नाही, झोपांबद्दलही नाही. म्हणाली, "मास्तरीन, तापात झोपता येते हे मले माहीतच नोतं व."

त्यानंतर तिने दारोदार शिव्या देणं बंद केलं. उलट तिच्या लक्षात एक गोष्ट आली. घरात महिन्याचं तेल-मीठ निघतंय म्हटल्यावर बाया मालकाला नाही म्हणू शकत होत्या. भर उन्हात निंदायला नाही म्हणू लागल्या. जुन्या रोजात येत नाही म्हणू लागल्या. सोयाबीनमध्ये गवत गुडघ्याला लागलं आणि विश्वासराव विहाराच्या गल्लीत स्वतः आले. त्या गल्लीत त्यांचं पाऊल यापूर्वी फक्त मतं मागायला पडलेलं. कौसाबाईने शेजारून खुर्ची आणवली, चहा टाकला.

"आत्ताच घेतला," विश्वासराव म्हणाले.

"मंग पानी?"

"नको. तहान नाई."

"बरं," कौसाबाई म्हणाली. "माह्या घरचा चहा चालत नाई, पानी चालत नाई. माह्या हातचं निंदन चालते. मंग रोज वाढवा."

त्यांनी वाढवला. काय करतात? गवत थांबत नाही कुणासाठी. ते गेल्यावर कौसाबाईने दोन्ही कप चहा एकटीने प्यायला. ही गोष्ट तिने इतक्या वेळा सांगितली की शेवटी शेवटी त्यात विश्वासराव हात जोडत होते आणि चहाचे चार कप झाले होते. सांगू दे. आयुष्यात एवढा एकच विजय मिळाला बिचारीला.

पुढच्या हंगामात विश्वासरावांनी बाटल्या आणल्या. तणनाशकाच्या. पाठीवर पंप घेतलेली दोन माणसं दुपारच्या जेवणापर्यंत अख्खं वावर फवारून मोकळी झाली. चार-सहा दिवसांत गवत पिवळं पडलं, सोयाबीन हिरवंच राहिलं. मग सगळ्यांनी आणल्या. आमच्या घरीही आली बाटली. स्वस्त पडतं, कुणाला काय म्हणायचं? सोंगायला मशीन आलं. टोळीतल्या तरण्या बाया नवऱ्यांबरोबर पुण्याकडे बांधकामावर गेल्या. भागाबाई वारली. सकाळची हाक बंद झाली. आणि पानठेल्यावरची माणसं म्हणायला लागली, "पाह्यलं? एक बाई वावरात दिसत नाई. फुकटच्या पैशानं आळशी झाल्या." अरे भाड्यांनो, काम तुम्हीच काढून घेतलं, आणि काम का करत नाही म्हणून तुम्हीच विचारता? पण हे मी मनात म्हणते. सुनेने भर रस्त्यात असं बोलायचं नसतं.

कौसाबाईकडे आता काहीच नव्हतं. वेचणीला गेली तर कंबर धरायची आणि मालक पुढच्या वेळी नको म्हणायचे. चूल एकदाच पेटायला लागली. शर्ट अंगावर ढगळ दिसायला लागला. तेव्हा मीच निराधारच्या पगाराचं काढलं. ज्याला कुणी नाही आणि ज्याच्याने काम होत नाही, अशाला सरकार महिन्याला थोडं देतं, त्याला गावात निराधारचा पगार म्हणतात. कागद मी जमवले. तिचा नन्नाच होता. मी म्हटलं, बाई, इतकी वर्षं राबलीस, हा त्याचाच पगार समज. या बोलण्यावर ती जरा विरघळली. "पगारच हाये म्हनते ना तू?" तिने दोनदा विचारलं. मी हो म्हटलं.

राहिली चौकशी. ही चौकशी काय असते ते आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. तहसीलचा माणूस ग्रामपंचायतीच्या आवारात खुर्ची टाकून बसतो आणि एकेकाला पुढे बोलावतो. त्या दिवशी गावात फाटक्या लुगड्यांना भाव येतो. मोटारसायकलवर फिरणारा बुवा शेजाऱ्याची काठी मागून आणतो. तेल लावायचं नाही, आदल्या दिवशी अंघोळही टाळली तर उत्तम. मान खाली, आवाज बारीक, आणि विचारतील त्याला "नाई होत साहेब" एवढंच उत्तर. भागाबाई तर तिच्या चौकशीच्या वेळी अशी खोकली होती की तहसीलचा माणूस खुर्ची मागे घेऊन बसला. त्यात अर्धा खोकला खरा होता. सगळ्यांना हे ठाऊक असतं, साहेबालाही. मी कौसाबाईला आदल्या दिवशी पढवलं. जुनं लुगडं नेस, शर्ट घालू नको, कमी बोल. ती "हाव" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती आली. निळ्या काठाचं पांढरंशुभ्र लुगडं, जयंतीला नेसायची ते. केसांना तेल, अंबाडा घट्ट, मान ताठ. मी धावत गेले, हे काय केलंस व? तर म्हणते, "सायबापुढं जायचं तं नीट जायचं. भिकाऱ्यावानी कायले?"

आवारात निम्मं गाव जमलं होतं. साहेब तरुण होता, माणूस वाईट नव्हता. बाजूच्या खुर्चीत विश्वासराव होते. अशा ठिकाणी ते असतातच.

"आजी, घरी कोण असतं?"

"मीच."

"कमावणारं कोणी?"

"तेबी मीच. आता काम भेटत नाई, थे गोष्ट येगळी."

"तुमच्याने काम होतं का?"

मी मागून मान हलवत होते, हाताने खुणा करत होते. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. पदर नीट केला. मला वाटलं, म्हणेल आता. तेवढ्यात विश्वासराव हसून म्हणाले, "काय विचारता साहेब! मुकादमीन होती थे. तरण्या पोरीयले मागं टाकत होती."

"होती?" कौसाबाई वळली. "होती कायची? आजबी टाकतो!"

आणि तिने कासोटा खोचला. ग्रामपंचायतीच्या आवारात गाजरगवत कमरेएवढं वाढलेलं असतं, ते कुणीच काढत नाही. ती त्यात बसली आणि नुसत्या हाताने उपटायला लागली. झपाझपा. मुळासकट. माणसं आधी हसली, मग शिट्ट्या मारायला लागली. कुणी मोबाईल काढले. "वा कौसाबाई! ओढ पात!" ती झेंड्याच्या खांबापर्यंत साफ करत गेली, उठली, हाताची माती झटकली आणि साहेबासमोर उभी राहिली. श्वास लागला होता, पण तोंडावर असं तेज होतं की मला तिथे रडू फुटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात विश्वासरावांनी.

"पाहा साहेब," ते म्हणाले. "धडधाकट बाई हाये. हिले बसून पगार देल्ला तं खऱ्या गरिबावर अन्याय होईन."

मी पुढे झाले. "साहेब, ती उपाशी आहे. सकाळपासून तिच्या पोटात काही नाही."

कौसाबाई सगळ्या आवाराला ऐकू जाईल अशी माझ्यावर ओरडली. "कोन उपाशी? मास्तरीन, तोंड सांभाळ आपलं!"

साहेबाने माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि पुढच्या माणसाला बोलावलं. तो काठी टेकत आला. पगार त्याला लागला.

घरी जाताना मी तिच्यावर तोंड टाकलं. "भैताड आहेस का व तू? एकदा म्हणायचं होतंस, नाही होत!"

"खोटं बोलाचं?"

"हो, बोलायचं! सगळं गाव बोलतं!"

"माहे दोन हात काय कुत्र्यानं नेले?" ती म्हणाली. आणि पुढच्या वळणावर भिंतीला धरून खाली बसली. तोंड पांढरं पडलेलं. नखांतून रक्त येत होतं. मी विचारलं, चक्कर आली का? म्हणाली, "ऊन हाये." आभाळ होतं त्या दिवशी. मी तिला घरी नेऊन भाकरी वाढली, तर तिने आधी माझी घासलेली भांडी पुन्हा घासली. मी तिचा हात धरला, तो तिने झटकला. त्या दिवशी मला तिचा इतका राग आला की सांगता येत नाही. अजूनही येतो. विश्वासरावांचा येतो त्याहून वेगळा, पण येतो.

मग ती दारोदार हेच करायला लागली. कुणी सांगितलं नसताना कुणाचं अंगण झाडायची, कुणाच्या दारचं गवत काढायची आणि मग ओट्याच्या कडेला बसून राहायची. मागायची नाही. चार दिवस लोकांनी भाकर दिली. मग लोकांना अवघडल्यासारखं व्हायला लागलं. रेखा पुण्याहून परतली होती. तिने हिच्या दारात भाकरी ठेवून पळून जायला सुरुवात केली, तर ही तिच्या घरी सारवायला हजर. रेखाच्या घरी आता फरशी. मग हिने केरसुणी घेतली. रेखाचा नवरा चिडला, "मावशी, आमी काय मोलकरीन ठेवली का? गाव काय म्हनन?" गावात कुणी कुणी ती येताना दिसली की फाटकाला कडी लावायचे. वाईट म्हणून नव्हे. तिच्या हातात झाडू बघवायचा नाही आणि नुसतं दिलेलं ती घ्यायची नाही, मग करायचं काय?

हिवाळ्यात एके सकाळी तिच्या घराला कुलूप दिसलं. शेजारणीला सांगून गेली होती, अनसिंगला बहिणीच्या लेकीकडे जाते. मला बरं वाटलं. चला, दोन घास सुखाचे मिळतील. तिला बहीण होती की नाही हे मात्र कुणालाच नीट माहीत नव्हतं.

चैत्रात पोहरादेवीची यात्रा असते. मी नणंदेबरोबर गेले होते. दर्शनाच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी मागणाऱ्यांची रांग बसलेली असते, समोर फडकं पसरून. गर्दी ढकलत होती, मी पायांकडे बघत चालले होते. तेवढ्यात एका फडक्यासमोर माझे पाय थांबले. फाटकं लुगडं, तेही खांद्यावर जाणूनबुजून उसवलेलं. केस मोकळे, धुळीने भरलेले. बाजूला काठी. मान छातीला टेकलेली आणि पुढे केलेला उजवा हात सारखा थरथरत होता. त्या हाताला मी आयुष्यात कधी थरथरताना पाहिलं नव्हतं.

मी तिथे धुळीतच बसले. "कौसाबाई," मी म्हटलं. "चल घरी."

तिने मान वर केली नाही. हात तसाच थरथरत होता. माझ्या पाकिटात होतं ते मी फडक्यावर ठेवलं, तिने ते पटकन पदराखाली सरकवलं आणि फडकं पुन्हा रिकामं केलं. मी परत म्हटलं, "कौसाबाई, मी आहे. ऊठ, आपण घरी जाऊ."

"उठ तू," ती हळूच, ओठ न हलवता म्हणाली. "जाय पुढं, मास्तरीन. तू अशी बोलत बसली तं लोक देत नाईत."